दुसऱ्या पानावरच्या मुली

"हे कुलूप नाही हो, कुलपाचं सोंग आहे," एकशेअठरा नंबरच्या खोलीच्या दारात उकिडवे बसून ते गृहस्थ म्हणाले. "डोक्यातल्या पिनेनं उघडेल. आणि माझी पोर ह्याच्या भरवशावर बारा दिवस राहिली."

"कुलूप एक, चालू स्थितीत," आईनं पॅडवर लिहिलं. "किल्ल्या दोन?"

"एक," आतून बारीक आवाज आला. "दुसरी हिच्याकडे आहे."

"मग तुझ्या नावावर एक. गादी?"

मी दप्तर पाठीवर तसंच ठेवून जिना चढून आले होते. शनिवारी आमची शाळा दोनला सुटते आणि मी थेट आईच्या ऑफिसात जाते. तिचं काम आटपलं की दोघी मिळून घरी. आज ऑफिसच्या दारावर चिठ्ठी होती, ‘एकशेअठरात आहे’. आईची चिठ्ठी एवढीच असते. तिला शब्दसुद्धा मोजून द्यायची सवय आहे.

आई विद्यापीठाच्या मुलींच्या हॉस्टेलात काम करते. रेक्टरबाई वेगळ्या. त्या भाषण करतात आणि सह्या करतात. कोणती मुलगी कोणत्या खोलीत आणि कोणाबरोबर राहील, हे मात्र आई ठरवते. दोनशे बारा खोल्या, चारशे चोवीस मुली, एकोणीस वर्षं. मुली तिला खोलीकाकू म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि आई त्यावर ओ देते.

खोली सोडणाऱ्या मुलीच्या ताब्यातली प्रत्येक वस्तू मोजून घ्यायची, असा नियम आहे. पण आईइतकी सावकाश कुणी मोजत नसेल. ती भिंतीवरच्या खुंट्या मोजते. टेबलाचा खण उघडून बंद करून बघते. खुर्चीवर स्वतः बसून ती डुगडुगते का ते पाहते. एका खोलीला तिला पाऊण तास लागतो. मी एकदा विचारलं होतं, इतका वेळ कशाला लावतेस? तर म्हणाली, "जाणारीला ‘थांब’ म्हटलं की तिला जायचा हट्ट चढतो. म्हणून आपण खुंट्या मोजायच्या. तेवढ्यात तिला काही बोलायचं असेल तर ती बोलते."

म्हणजे कुणीतरी चाललं होतं. मी दारातून मान आत घातली.

पलंगाच्या कडेला एक किरकोळ मुलगी बसली होती. पायाशी तिची ट्रंक, ट्रंकेवर बादली, बादलीत चपला. डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं, की वाटावं कुणीतरी पेन्सिलीनं गिरवली आहेत. समोरच्या पलंगावर तिची रूममेट गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिच्या सगळ्या बोटांना डिंक लागलेला, टेबलावर पुठ्ठ्याची अर्धवट इमारत, आणि नाक लाल. ती इमारतींचं शिक्षण घेत होती. सगळ्या मजल्यावर तिला पुठ्ठेवाली म्हणतात, हे मला नंतर कळलं. जाणारी होती ती गणितवाली.

"काका, गाडी खाली उभी आहे ना? मग गडबड नाही," आई म्हणाली.

"गाडी शेजाऱ्याची आहे ताई, सहा तासांचा रस्ता आहे. आणि तुमच्या ऑफिसात म्हणाले पाच वाजायच्या आत कागद द्यायचा."

ते खरंच होतं. आज शेवटची तारीख. पाचच्या आत सोडणाऱ्या मुलीची जागा सोमवारी प्रतीक्षायादीतल्या मुलीला जाते. मग नंतर कितीही वाटलं, तरी वर्षभर परत येता येत नाही. आणि घर सहा तासांवर असेल तर हॉस्टेल सोडणं म्हणजे विद्यापीठच सोडणं. ट्रंक बंद तर गणितही बंद.

मी घड्याळ बघितलं. तीन वाजून वीस मिनिटं.

"का चालली आहेस तू?" मी विचारलं.

आईनं माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर परत जिना उतरून गेली असती. पण मी ह्या वर्षापासून वर्गप्रमुख आहे. गेल्या वर्षापर्यंत मला हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानासुद्धा घाम फुटायचा. आता मी अठ्ठेचाळीस मुलींना रांगेत उभं करते. एकदा आवाज फुटला की तो काही पुन्हा आत जात नाही.

"मला जमत नाही," गणितवाली म्हणाली. एवढंच. वर थोडं हसलीसुद्धा, जणू चूक तिची आणि त्रास आम्हाला.

"तिला घरचीच सवय आहे हो," तिचे बाबा दारातूनच म्हणाले. त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून कुलपाचे स्क्रू पिळायला घेतले होते. ते कुलपं-किल्ल्या करतात. हात मोकळे राहिले की त्यांना चैन पडत नसावं. "मी आधीच म्हणत होतो. हिची आई म्हणाली, जाऊ दे, शिकू दे. आता काय, रडायचं पण नाही म्हणते पोरगी."

"उशी?" आईनं विचारलं.

"उशी माझी आहे. घरून आणलेली."

"मग ती मोजायची नाही. आणि हे काय?"

पलंगाच्या उशाकडच्या बाजूला एक भिंत होती. खरी नाही, पुठ्ठ्याची. छातीएवढी उंच, घडी घालता येणारी, कडा चिकटपट्टीनं नीट बांधलेल्या. तिला चक्क एक छोटी खिडकी होती आणि खिडकीला झडप.

"ती मी केली," पुठ्ठेवाली म्हणाली. "माझा दिवा हिच्या डोळ्यांवर येतो म्हणून. मी रात्री दोनपर्यंत काम करते, काकू. फॉर्मवर तसं लिहिलंपण होतं. आधी मी दिव्याला टोपी केली. मग ही भिंत. तरी वरून येतोच. छतावरून येतो." तिचं नाक आणखी लाल झालं. "मी एकदा जिन्यात जाऊन बसले ड्रॉइंग घेऊन. तर ही उठून मला परत घेऊन आली."

"ती खूप चांगली आहे," गणितवाली घाईनं म्हणाली. "माझंच आहे काहीतरी. मला पूर्ण अंधार नसला की झोप येत नाही. लहानपणापासून. पहिल्या चाचणीत मला विसात तीन मिळाले. मला गणितात कधी तीन मिळाले नव्हते. मी पेपर बघत होते आणि आकडे हलत होते."

तिच्या बाबांचा स्क्रूड्रायव्हर थांबला. ही बातमी त्यांनाही नवीन असावी.

आईनं पॅड खाली ठेवलं. खुंट्या मोजायच्या राहिल्या. "पहिल्या आठवड्यात मी येऊन विचारलं होतं, झोप लागते का. तू हो म्हणालीस."

"सगळ्याच हो म्हणाल्या होत्या."

"मग फॉर्मवर तरी लिहायचंस ना, अंधार लागतो म्हणून."

"लिहिलं होतं काकू," ती म्हणाली. "दुसऱ्या पानावर. पूर्ण अंधार लागतो, साडेनऊला झोपते. अधोरेखितपण केलं होतं. तरी मला ही खोली मिळाली. मग मला वाटलं, सगळ्यांनाच असं राहावं लागत असेल. बाकीच्यांना जमतंय, मला जमत नाही."

माझ्या पाठीवरचं दप्तर एकदम जड झालं.

आता तुम्हाला त्या दुसऱ्या पानाविषयी सांगायला हवं.

हॉस्टेलच्या फॉर्मला टाचणीनं जोडलेली दोन पानं असतात. पहिल्या पानावर नाव, पत्ता, विषय, पालकांची सही, फोटो. ते बहुतेक वडील किंवा दादा भरून देतात. दुसरं पान आईनं स्वतः तयार केलेलं आहे आणि ते मुलीनंच भरायचं. त्यावर नऊ प्रश्न आहेत. किती वाजता झोपतेस? दिवा चालू लागतो की बंद? वाचताना पुटपुटतेस का? एक प्रश्न आहे, ‘घरी कुणाशी आणि कशावरून भांडण होतं?’ एकीनं लिहिलं होतं, ‘भावाशी. तो श्वास घेतो.’ आणि शेवटचा प्रश्न असा, ‘रडू आलं तर जवळ कुणी असावं की नसावं?’ जिला कुणी नको असतं तिला आई अशा मुलीबरोबर ठेवते जी रोज संध्याकाळी तासभर फिरायला जाते.

दर वर्षी जोड्या लावायचं काम आमच्या घरी होतं, कारण ऑफिसातलं टेबल पुरत नाही. बाहेरच्या खोलीत फरशीभर फॉर्म पसरलेले असतात. ते चार दिवस पंखा लावायचा नाही. आम्ही कडेकडेनं चालतो. बाबा जेवणाचं ताट घेऊन दारात उभ्यानं जेवतात आणि दर वर्षी तेच म्हणतात, "लग्नाआधी तुझ्या आईनं मला हा फॉर्म दिला असता तर मी अजून प्रतीक्षायादीत असतो."

आईचा नियम एकच. पहिलं पान खाली, दुसरं पान वर. नाव वाचायचं नाही, विषय बघायचा नाही, आणि फोटो तर मुळीच नाही. जोडी लागली की दोन्ही फॉर्मांना मिळून आणखी एक टाचणी, आणि सगळ्यात शेवटी फॉर्म उलटून नावं यादीत उतरवायची.

यंदा तिसऱ्या दिवशी आई बाजारात गेली होती. मी शाळेतून धावत आले, घामाघूम झालेले, आणि काही विचार न करता पंख्याचं बटण दाबलं.

फॉर्म चिमण्यांसारखे उडाले. मी पंखा बंद करून एकेक गोळा केला. बाकी सगळ्यांच्या टाचण्या शाबूत होत्या. फक्त दोन फॉर्म सुटे झाले होते. दोन पहिली पानं, दोन दुसरी पानं, अक्षरं कुठलीच जुळत नव्हती. एका दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, ‘पूर्ण अंधार, साडेनऊ’. दुसऱ्यावर, ‘दिवा चालू लागतो, अंधाराची भीती वाटते, हे कृपया कुणाला सांगू नये’. कोणतं कोणाचं? तेव्हा मी फोटो बघितले. एक होती रुंद खांद्यांची, गळ्यात भालाफेकीचं पदक घातलेली, कॅमेऱ्याकडे असं बघणारी की कॅमेराच घाबरावा. दुसरी बारीक, मोठ्या डोळ्यांची, फोटोवाल्यानं ‘हस’ म्हटल्यावर दचकलेली.

मला अगदी सोपं वाटलं. खेळाडू लवकर झोपतात. बारीक मुली घाबरतात. मी टाचण्या लावल्या आणि आई येण्याआधी पाणी पिऊन जागेवर बसले. मला माझं कौतुकसुद्धा वाटलं होतं.

"मग माझंच वाचण्यात चुकलं असणार," आई म्हणत होती. ती गणितवालीशी बोलत होती, पण बघत होती स्वतःच्या हातांकडे. "चारशे फॉर्म असतात. एखादा हुकला असेल. डोळे तपासून घ्यायला हवेत आता." मग वडिलांकडे वळून ती म्हणाली, "काका, चूक माझी आहे. मुलीची नाही."

आईला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आवाज तोच होता, पण आतलं काहीतरी खाली बसल्यासारखं. आईची एक गंमत आहे. तिला कुणी हुशार म्हटलं तर ती लक्ष देत नाही, पण ‘काकू, तुम्ही बरोबर मुलगी दिलीत’ असं कुणी म्हणालं, तर त्या दिवशी घरी येताना ती गुणगुणते. माझ्याशिवाय कुणाला हे माहीत नाही.

मी गप्प राहिले असते तर कुणालाच कळलं नसतं. हे मला तिथे उभ्या उभ्या नीट कळत होतं.

"आई, मला बोलायचंय."

"नंतर."

"नंतर पाच वाजतील."

आणि मी सांगितलं. पंखा, टाचण्या, फोटो, सगळं. वर्गप्रमुखाचा आवाज कुठे गेला कोण जाणे. हजेरीवाला जुना आवाज आला, पण त्याच आवाजात मी शेवटपर्यंत सांगितलं. सांगताना मी दाराच्या चौकटीवरचा रंग नखानं खरवडत होते, हे नंतर चावीवाले काकांनी माझा हात धरून बाजूला केला तेव्हा कळलं.

पुठ्ठेवालीनं नाक पुसलं.

"फोटो बघितलास," आई म्हणाली.

"हो."

"बरं."

ह्या ‘बरं’पेक्षा दोन धपाटे परवडले असते. पण आई तेवढ्यातच पुढे गेली होती. "अंधाराला घाबरणारी कोण मग?"

"भालेवाली. तीनशेसातमध्ये राहते, मी बघितलंय."

"तीनशेसात म्हणजे झाडंवाली. साडेनऊला दिवा बंद, काळे पडदे घरून आणलेत." आईनं चष्मा कपाळावर चढवला. "अरे देवा. काका, मला पंधरा मिनिटं द्या. कुलूप तोवर नीट बसवा."

तेवढ्यात एक आवाज आला. आधी मला वाटलं गणितवालीला रडू फुटलं. पण ती हसत होती. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत, थांबता येत नसल्यासारखी. "म्हणजे पंखा," ती म्हणाली, "म्हणजे सगळं पंख्यामुळे? मी रोज रात्री मोजत होते, माझ्यात काय काय कमी आहे ते. यादी केली होती. सतरा गोष्टी." मग तिला खरंच थोडं रडू आलं आणि पुठ्ठेवालीही लगेच सुरू झाली. तिला बहुधा निमित्तच हवं होतं.

भालेवाली तिच्या खोलीत नव्हती. झाडंवालीनं खिडकीतल्या बारा कुंड्यांवरून मान वर करून सांगितलं, "दिवसा ती वाचनालयात झोपते. खिडकीजवळच्या खुर्चीत. रात्री तिच्या चादरीत टॉर्च असतो काकू. मला वाटलं प्रेमपत्रं वाचते, म्हणून मी काही बोलले नाही."

वाचनालयात, खिडकीच्या ऐन उन्हात, एक अवाढव्य मुलगी खुर्चीत घोरत होती. छातीवर एक पुस्तक पालथं, पाय दुसऱ्या खुर्चीवर. आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाळा, तुला रात्री दिवा लागतो का?"

ती खाडकन जागी झाली. आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. "हळू बोला ना काकू. आमच्या टीमच्या मुली आहेत तिकडे."

"लागतो ना?"

"फॉर्मवर लिहिलं होतं की कुणाला सांगू नका," ती कुजबुजली.

"कुणाला सांगितलंच नाही. तोच घोटाळा झाला. एक खोली आहे. तिथली मुलगी रात्री दोनपर्यंत दिवा लावून बसते. रोज."

भालेवालीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आजवर फक्त निकालाच्या दिवशी बघितलं आहे. "रोज?" तिनं विचारलं. "रविवारीसुद्धा?"

"रविवारी तीनपर्यंत."

ती उभी राहिली तेव्हा खुर्ची मागे पडली. "सामान केव्हा आणू?"

"थांब जरा. त्या खोलीतली दुसरी मुलगी राहतेय की जातेय तेच अजून ठरायचंय." आई मला म्हणाली, "तू वर तीनशेसातमध्ये जा. एकशेअठरातल्या त्या मुलीला घेऊन जा आणि खोली दाखव. आग्रह करायचा नाही. पडदे ओढून दाखव, एवढंच."

मग मी आग्रह केला नाही. माझ्या आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. जिन्यावर गणितवाली माझ्या शेजारून चढत होती, मागे तिचे बाबा, आणि माझ्या तोंडात निदान वीस वाक्यं तयार होती. मी ती सगळी गिळली. तीनशेसातमध्ये गेल्यावर झाडंवालीला म्हटलं, "जरा पडदे." तिनं कुंड्या बाजूला सरकवून पडदे ओढले.

दुपारचे चार वाजले होते आणि खोलीत स्वतःचा हात दिसत नव्हता. ओल्या मातीचा वास येत होता. अंधारात काकांनी घसा खाकरला.

"इकडे कडी कशी आहे बघू," असं म्हणत ते चाचपडत दारापाशी गेले. "ही बरी आहे. हिला तेल दिलं की झालं."

"बाबा," अंधारातून गणितवालीचा आवाज आला. आता तो बारीक नव्हता. "आईनं माझा पलंग हलवला का?"

"नाही ग. तसाच आहे."

"मग राहू दे तसाच. मी सुट्टीत येईन."

कडी दोनदा सरकल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "मी शेजाऱ्याला सांगून आलोय की पोरीला घेऊन येतो."

"त्यांना सांगा, कुलूप बरोबर होतं, किल्ली दुसऱ्याची होती."

"हे मी बोलायचं वाक्य आहे," काका म्हणाले आणि त्यांचं हसू आम्हाला दिसलं नाही, पण ऐकू आलं. झाडंवालीनं पडदे उघडले तेव्हा ते डोळे पुसत होते. कडीकडे बोट दाखवून म्हणाले, "गंज फार आहे. डोळ्यात गेला."

मला बघून त्यांनी हाताची मूठ करून माझ्या डोक्यावर हळूच टेकवली. "तू ग, पंखेवाली. आणखी किती ठिकाणी टाचण्या लावल्या आहेस?"

"एवढ्याच, काका."

"नक्की?"

"नक्की."

त्यानंतर जे झालं त्याला सामान हलवणं म्हणता येणार नाही, ती मिरवणूक होती. पुठ्ठेवालीनं जिन्यात ओरडून सांगितलं की मदत हवी आहे, आणि तीन मजल्यांच्या मुली बाहेर आल्या. कुणी बादली घेतली, कुणी बादलीतल्या चपला. भालेवालीनं गणितवालीची ट्रंक एका खांद्यावर टाकली आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली. मागून काका "सांभाळून, सांभाळून" करत धावले, कारण ट्रंकेचं कुलूप त्यांच्या हातचं होतं. पुठ्ठ्याची भिंत कुणी न्यायची यावर वाद झाला. गणितवालीला आता तिची गरज नव्हती, पण ती तिलाच हवी होती. शेवटी ती भिंत तीनशेसातमध्ये गेली आणि झाडंवालीनं तिच्या छोट्या खिडकीत एक कुंडी ठेवून बघितली. मी जिन्याच्या वळणावर उभी राहून वर जाणाऱ्यांना डावीकडून आणि खाली येणाऱ्यांना उजवीकडून सोडत होते. आवाज परत आला होता माझा.

पावणेपाचला काका आईच्या ऑफिसात गेले. टेबलावर त्यांच्या सहीचा सोडण्याचा अर्ज होता. आईनं तो त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो चार घड्या करून खिशात घातला आणि म्हणाले, "ताई, तुमच्या ह्या दोनशे बारा कुलपांचं काहीतरी करा. मी पुढच्या महिन्यात तिला भेटायला येईन तेव्हा हत्यारं घेऊन येतो."

"सगळी कशी होतील?"

"एका खेपेत वीस. मग मला येत राहावं लागेल," ते म्हणाले. म्हणजे त्यांनी तेही ठरवून टाकलं होतं.

ते गेल्यावर आई पॅड घेऊन परत एकशेअठराकडे निघाली. नव्या मुलीच्या नावावर वस्तू चढवायच्या राहिल्या होत्या. मी मागे मागे गेले. मला वाटत होतं आता मला बोलणी बसणार, आणि ती एकदाची बसलेली बरी.

खोलीत कुणी नव्हतं. पुठ्ठेवाली भालेवालीचं सामान आणायला वर गेली होती. एक पलंग रिकामा, गादीवर चादर नाही, भिंतीवर चिकटपट्टीच्या खुणा. आईनं खुंट्या मोजल्या. खण उघडून बंद केला. मग गादीवर हात फिरवला आणि बसली.

"दार लोट जरा," ती म्हणाली.

मी दार लोटलं. तिनं चपला काढल्या, पलंगाखाली जोडीनं ठेवल्या आणि त्या उघड्या गादीवर आडवी झाली. सरळ, हात पोटावर, छताकडे बघत.

"दमलीस?"

"नाही."

मी समोरच्या पलंगावर, पुठ्ठ्यांच्या कपट्यांमध्ये बसले. खाली अंगणात कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

"तू शिकत असताना कुठल्या खोलीत होतीस?" मी विचारलं. इतक्या वर्षांत हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं, असेलच कुठल्यातरी.

"मी कुठली. मी जाऊन-येऊन. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. आजोबांनी फॉर्म आणला होता. मी भरलापण होता सगळा. मग आजी आजारी पडली आणि तो द्यायचा राहिला."

"मग नंतर?"

"नंतर शिक्षण संपलं, नोकरी लागली. नंतर मी ह्या बाजूला आले, टेबलाच्या." ती भिंतीकडे वळली, मग परत सरळ झाली. "उशाशी खिडकी हवी. इथून आकाश दिसतं, तुला माहितीये? दारातून दिसत नाही. एकोणीस वर्षं मी दारातून बघते."

मी तिच्याकडे बघत राहिले. आडवी झालेली आई मला वेगळीच दिसत होती. लहान. भरलेला फॉर्म हातात असलेली.

"आई, तू काय लिहिलं असतंस? शेवटच्या प्रश्नाला? रडू आलं तर?"

ती थोडा वेळ विचार करत होती. खरंच विचार करत होती, मला टाळत नव्हती.

"कुणीतरी असावं," ती म्हणाली. "पण बोलणारं नको."

मी वर्गप्रमुख आहे, मला गप्प बसणं सोपं जात नाही. पण मी बसले.

जिन्यात भालेवालीची जड पावलं वाजू लागली, आणि तिच्यामागे आणखी पाच-सहा जणींची. आई उठली. गादीवर तिच्या अंगाचा खळगा पडला होता, तो तिनं तळहातानं नीट सपाट केला. चपला घातल्या, पॅड उचललं, आणि दार पूर्ण उघडून बाजूला उभी राहिली, येणारीला वाट देत.